मोडशी: कोकण किनाऱ्यावरून युरोपात गेलेला आजाराचा शब्द

खाडीवरचा

लहान मुलाचं पोट बिघडलं, ओकारी आणि पातळ शी सुरू झाली की आपल्याकडे म्हणतात, मोडशी झाली. औषधही घरचंच असतं. ओवा, वेखंड, डिकेमाली, सहाणेवर उगाळलेली मुरुडशेंग. मूल बरं होऊन खेळायला लागतं आणि तो शब्द पुढच्या वेळेपर्यंत कोणाच्या तोंडी येत नाही.

पण याच शब्दाची युरोपातल्या दर्यावर्दींना आणि वैद्यांना अडीचशे वर्षं धास्ती होती. पोर्तुगीजांनी तो गोव्यात उचलला, त्यांच्याकडून डच, फ्रेंच आणि इंग्रज यांच्या लिखाणात गेला. त्या लिखाणात मोडशी म्हणजे धडधाकट माणसाला एका दिवसात नेणारा रोग, ज्याला आपण आज कॉलरा म्हणतो.

सगळ्यात स्पष्ट नोंद गार्सिया द ओर्ता यांची आहे. हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला आणि १५६८ मध्ये तिथेच वारला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडे त्याचं जाणं-येणं होतं, मुंबईचं बेट काही काळ त्याच्याकडे पट्ट्याने होतं. भारतातल्या औषधी द्रव्यांवरचा त्याचा संवादरूपी ग्रंथ १० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात छापून झाला. स्वतः ओर्ता आणि रुआनो नावाचा कल्पित स्पॅनिश वैद्य असे दोघे बोलत असतात. सतराव्या संवादात दोघे एका औषधी मुळीबद्दल बोलत असताना एक नोकर येतो. मालकाच्या भावाला ताबडतोब बघायला चला म्हणतो, भेटीची वेळ नसली तरी, कारण उशीर झाला तर जीव जाईल. काय झालंय विचारल्यावर तो सांगतो, मोर्शी, आणि दुखणं सुरू होऊन दोन तास झालेत.

परत आल्यावर ओर्ता रुआनोला या रोगाची नावं सांगतो: आपल्या ग्रंथांत याला 'कोलेरिका पासियो' म्हणतात, इथले लोक 'मोर्शी' म्हणतात, आपण पोर्तुगीज बिघडवून 'मोर्देशी' म्हणतो, आणि अरब त्याला 'हैजा'च्या जवळचं नाव देतात. साडेचारशे वर्षांपूर्वीच्या माणसाने एकाच परिच्छेदात चार परंपरांची नावं शेजारी शेजारी ठेवली आहेत. आणि इथल्या लोकांचा शब्द मूळ, पोर्तुगीजांचा बिघडलेला, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे.

युल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात हा शब्द कोकणी-मराठी 'मोडशी'वरून आल्याचं दिलं आहे आणि त्याचं मूळ 'मोडणे' या क्रियापदात धरलं आहे. मला ते पटतं. 'अंग मोडून येणं' आपण आजही म्हणतो. या रोगात माणूस खरोखरच मोडतो: डोळे खोल जातात, आवाज बसतो, पायात वांब (गोळे) येतात, नाडी लागत नाही.

धागा काढण्याचं कारण असं की या शब्दाचा परदेशातला प्रवास कोशांत नोंदवला गेला, पण किनाऱ्यावरचा वापर कोणी नीट लिहून ठेवलेला माझ्या पाहण्यात नाही. तुमच्या गावात मोडशी कशाला म्हणतात? फक्त मुलांना होते की मोठ्यांनाही? म्हातारी माणसं हा शब्द घाबरून उच्चारायची का?

सुरंगी

वेंगुर्ला. आमच्याकडे रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. "पोराक मोडशी झाली हा, तेलकट काय देव नको," हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. मोठ्यांनाही होते. लग्नाचं जेवण, जत्रेतलं खाणं, शिळी मासळी, यानंतर पोट जड होऊन ढाळ लागले की मोडशीच. घाबरून मात्र कोणी म्हणत नाही.

एक विचारायचं होतं. ओर्ताने इथल्या लोकांचे उपाय दिलेत का? आमच्या आजीचा एकच नियम होता: "मोडशी झाली काय पेजेची निवळ आणि मीठ. दुसरा काय देवचा नाय."

खाडीवरचा

सुरंगीताई, दिले आहेत, आणि तुमच्या आजीचा नियम त्यात आहे. इथले लोक रोग्याला तांदळाचं पाणी मिरी आणि जिरं घालून पाजतात आणि त्याला 'कांजे' म्हणतात, असं तो लिहितो. शिवाय पायांना डाग देतात, वांब आले की हातपाय पट्ट्यांनी घट्ट बांधतात, असंही आहे.

ऋतूही दिलाय. जून-जुलैत हा रोग जास्त, आणि या देशात तो 'हिवाळा' असतो असं तो म्हणतो. पोर्तुगीज आपल्या पावसाळ्याला हिवाळा म्हणत, त्यामुळे त्यांची जुनी कागदपत्रं वाचताना हे लक्षात ठेवावं लागतं. फार खाणाऱ्यांना होतो असं सांगून तो एका तरुण पाद्र्याचं उदाहरण देतो, जो काकड्या खाऊन वारला.

म्हापशेकार

उत्तम धागा. आमच्या बार्देशातही मोडशी आहेच, अर्थ वेंगुर्ल्यासारखाच. मोडशीचं मोर्देशी कसं झालं ते थोडं उलगडून सांगतो, कारण यात पोर्तुगीजांनी आपल्या किनाऱ्यावरच्या कित्येक नावांचं जे केलं तेच केलंय.

आपला 'ड' उच्चारताना जीभ वळून टाळूला लागते. पोर्तुगीज भाषेत तो वर्ण नाही. त्यांच्या कानाला त्यात 'र' आणि 'द' दोन्ही ऐकू आले असावेत. कोणी नुसता 'र' लिहिला, मोर्शी झालं. कोणी दोन्ही लिहिले, मोर्देशी झालं. आपल्या 'श'साठी ते रोमन लिपीतलं एक्स हे अक्षर वापरतात. पुढे इंग्रज वाचकांनी ते 'क्स' वाचलं आणि काही इंग्रजी पुस्तकांत शब्द आणखी विचित्र झाला. गोव्यात अजून गावांच्या नावांत हे अक्षर 'श' म्हणूनच वाचतात.

तिसरी गोष्ट शेवटच्या 'ई'ची. ओर्ताच्या पुस्तकात मोर्देशी आहे, पण नंतर सगळीकडे 'मोर्देशीं' असं शेवटी नाकातलं रूप दिसतं. पणजीचं पंजिम, वसईचं बसाइम, मुंबईचं बोंबाइम, मांडवीचं मांदोविम, त्याच वळणावर मोडशीचं मोर्देशिम. आपला ईकारान्त शब्द त्यांच्या तोंडात गेला की शेवटी नाकात जायचा. शब्द आपल्याकडून तिकडे गेला याचा हा भक्कम पुरावा मानतो मी, कारण बदल नेमका त्यांच्या सवयीप्रमाणे झालाय.

इथे मोन्सिन्योर सेबाश्तियांव रोदोल्फ दाल्गाद यांचं नाव घ्यायलाच हवं. आसगावचे, जन्म १८५५. कोकणी-पोर्तुगीज कोश त्यांनी १८९३ मध्ये मुंबईत छापला, आणि आशियाई भाषांतून पोर्तुगीजमध्ये गेलेल्या शब्दांचा दोन खंडांचा कोश १९१९ ते १९२१ या काळात काढला. लिस्बनमध्ये बसून बार्देशच्या माणसाने हे काम केलं. आपल्या शब्दांचा माग काढणाऱ्या प्रत्येकाने त्यांचे उपकार मानावेत.

डॉ. दर्यावर्दी

रत्नागिरीत दवाखाना आहे, मोडशी हा शब्द रोज ऐकतो. वैद्यकाच्या बाजूने एक शंका मांडतो.

जुन्या नोंदीत ओकारी आणि ढाळ दिसले की लगेच कॉलरा म्हणणं धोक्याचं. अन्नातून विषबाधा, इतर जंतूंची हगवण, सगळ्यांत हीच लक्षणं. कॉलऱ्याचा जंतू फिलिपो पाचिनीने फ्लॉरेन्सला १८५४ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि रॉबर्ट कॉखने १८८४ मध्ये कोलकात्यात नक्की केला. त्याआधीची सगळी नावं लक्षणांवरून दिलेली. एका नावाखाली चार रोग सहज बसले असतील.

ओर्ताच्या वर्णनात आणखी काय आहे? किती वेळात मृत्यू? ताप असतो का? वांब येतात का?

खाडीवरचा

डॉक्टर, नाडी अगदी बुडालेली, सापडली तर कष्टाने, कातडी गार, घाम थंड, आतून आग आणि भयंकर तहान, डोळे खोल गेलेले, झोप नाही, ओकारी आणि ढाळ शक्ती संपेपर्यंत, वांब. सहसा चोवीस तासांत मरण, दहा तासांत गेलेलाही पाहिलाय असं तो म्हणतो. आमच्या देशातल्यापेक्षा इथला रोग तीव्र आहे, असंही त्याने नमूद केलंय.

दुसरी नोंद त्याच्याही आधीची आहे. गास्पार कोरेआ या पोर्तुगीज इतिहासकाराने १५४३ मध्ये गोव्यात आलेल्या साथीचं वर्णन केलं आहे, आणि तिथेही रोगाचं नाव 'मोरिशी' म्हणूनच येतं. लहान-थोर, अशक्त-सशक्त कोणालाही सोडत नव्हता. माणसं इतकी मरत होती की मृतांसाठी चर्चच्या घंटा वाजवायला गव्हर्नरने मनाई केली. मग रोगाचं मूळ कळावं म्हणून एका मृताचं शरीर वैद्यांसमोर उघडायला लावलं. आत काही सापडलं नाही. फक्त पोटाची पिशवी आक्रसून कोंबडीच्या पेटीएवढी झालेली आणि आगीत धरलेल्या चामड्यासारखी सुरकुतलेली होती.

डॉ. दर्यावर्दी

हे वर्णन वजनदार आहे. थंड घाम, बुडालेली नाडी, वांब, खोल डोळे आणि चोवीस तासांत मृत्यू, हे एकत्र दिसलं तर आजही पहिला संशय कॉलऱ्याचाच घेऊ. शरीरातलं पाणी आणि क्षार आतड्यातून वाहून जातात, रक्त दाटतं, मूत्रपिंड बंद पडतं. जंतू आतड्याची भिंत फाडत नाही, त्याचं विष पेशींना पाणी सोडायला लावतं. हे विष शंभूनाथ डे यांनी कोलकात्यात १९५९ मध्ये दाखवून दिलं. म्हणून १५४३ च्या वैद्यांना आत जखम दिसली नाही यात नवल नाही.

पोटाच्या पिशवीबद्दल मी काही म्हणणार नाही, वर्णन करणारा वैद्य नव्हता. पण गोव्यात १५४३ मध्ये मोडशी या नावाने ओळखला जाणारा रोग कॉलराच असण्याची शक्यता मोठी आहे, एवढं मान्य. प्रत्येक मोडशी कॉलरा होती हे मात्र मान्य नाही.

सुरंगी

काकड्यांचं काय पण? आमच्याकडे पावसात तवसं सगळेच खातात.

डॉ. दर्यावर्दी

तवशाचा दोष नाही. पावसाच्या सुरुवातीला विहिरी-ओढ्यांत घाण उतरते. ज्या पाण्याने कच्ची काकडी धुतली त्या पाण्यातून जंतू पोटात जातो. ओर्ताने काकडी पाहिली, पाणी पाहिलं नाही, कारण पाण्याचा संबंध लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटच्या पंपावरून जॉन स्नोने दाखवायला १८५४ साल उजाडलं.

वैद्य देवगड

मी आयुर्वेदाचा. संस्कृत ग्रंथांत मोडशी हा शब्द नाही, तिथे विषूचिका किंवा विसूचिका आहे. अजीर्णामुळे वायू शरीराला सुयांनी टोचल्यासारखा पीडा देतो म्हणून विसूची, अशी तिची व्याख्या आहे. म्हणजे शास्त्राच्या भाषेने रोग्याची वेदना पकडली, आणि लोकभाषेने त्याचं मोडणं पकडलं.

पण मला पायांना डाग देण्याबद्दल सांगायचंय. सुश्रुताच्या उत्तरतंत्रात विसूचिकेच्या चिकित्सेत, रोगी वाचण्यासारखा असेल तर टाचांवर दहनकर्म करावं असं स्पष्ट वचन आहे: 'पार्ष्ण्योर्दहनं प्रशस्तम्'. पार्ष्णी म्हणजे टाच. ओर्ताने गोव्यात जे पाहिलं तो अडाणीपणाचा प्रकार नव्हता, ग्रंथातली चिकित्साच किनाऱ्यावरच्या घरांत चालू होती. शब्द बोलीतला आणि उपचार संहितेतला, असं दोन्ही मिळून पोर्तुगीजांच्या वहीत गेलं.

खाडीवरचा

वैद्यबुवा, हे तुम्ही फार मोलाचं दिलंत, कारण टाचेचा डाग पुढेही या शब्दाच्या सोबतीने फिरतो. जॉन फ्रायर हा इंग्रज डॉक्टर १६७० च्या दशकात मुंबई, गोवा, कारवार, जुन्नर असा हिंडला. तो लिहितो की पोर्तुगीज ज्याला 'मोर्दिशीन' म्हणतात त्या ओकारी-ढाळात इथे निर्दयपणे डाग देतात. त्याच दशकात गोव्यात इन्क्विझिशनच्या (पोर्तुगीज धर्मन्यायालयाच्या) तुरुंगात पडलेल्या शार्ल देलों या फ्रेंच वैद्यानेही मोर्देशीवर टाचेला तापलेलं लोखंड लावण्याचा उपाय सांगितला आहे. संस्कृत वचन, गोव्याचं घर, आणि युरोपात छापलेलं प्रवासवर्णन, या तिन्हींत एकच टाच.

डॉ. दर्यावर्दी

वाचणाऱ्यांसाठी ठळकपणे: डाग देऊ नका. मुलांना डाग देण्याचे प्रकार देशात अजून घडतात. त्याने एक थेंबही पाणी शरीरात परत जात नाही, वर जखम चिघळते.

वैद्य देवगड

पूर्ण सहमत. मीही कोणाला सांगत नाही.

शब्दांची होडी

फ्रेंचांकडे काय झालं ते कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते. आधी डच. लिन्सखोतेन १५८३ ते १५८८ गोव्यात आर्चबिशपच्या पदरी होता, १५९६ मध्ये त्याचं प्रवासवर्णन छापलं गेलं, त्यात हा शब्द आहे, आणि १५९८ मध्ये इंग्रजी भाषांतरही आलं. म्हणजे ओर्तानंतर पस्तीस वर्षांत मोडशी डचमध्ये आणि इंग्रजीत पोचली.

फ्रेंचांनी पोर्तुगीजांचा 'मोर्देशीं' ऐकला आणि त्यात त्यांना आपलेच शब्द ऐकू आले: 'मोर द श्याँ', कुत्र्याचं मरण. अनोळखी शब्दाला ओळखीचा अर्थ द्यायची माणसाची सवय जगभर आहे. रोग इतका भयानक की तो अर्थ कोणाला खटकला नाही. इंग्रज डॉक्टरांनी तो फ्रेंच वेषातच स्वीकारला. जेम्स लिंड, ज्याने खलाशांच्या स्कर्व्हीवर, म्हणजे हिरड्यांतून रक्त येण्याच्या रोगावर, लिंबूवर्गीय फळांचा उपाय दाखवला, त्याने १७६८ च्या आपल्या उष्ण प्रदेशांतल्या रोगांवरच्या ग्रंथात लिहिलंय की हा रोग ईस्ट इंडीजमध्ये फार आढळतो, फार मारतो, आणि त्याला मोर द श्याँ म्हणतात. त्याच्या वाचकाला यामागे कोकणातल्या बायकांच्या तोंडचा शब्द आहे याची कल्पना असणं शक्यच नव्हतं.

अलिबागची नात

आणि कॉलरा? हैजा? ते कुठले? शाळेत हिंदीच्या पुस्तकात हैजा वाचलेला आठवतो.

शब्दांची होडी

कॉलरा ग्रीक. 'खोले' म्हणजे पित्त, त्यावरून 'खोलेरा' असं बहुतेक मानतात. हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या ग्रंथांपासून तो शब्द आहे, पण तिथे तो उन्हाळ्यातल्या साध्या ओकारी-जुलाबाला होता. कोलेस्टेरॉल त्याच मुळावरचा. संतापी स्वभावालाही युरोपात याच मुळावरचा शब्द आहे, कारण राग पित्तातून येतो अशी समजूत. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही, आपणही 'पित्त खवळलं' म्हणतो.

हैजा अरबी. मूळ अक्षराचा अरबी उच्चार आपल्या 'द'च्या जवळ जातो, फारसीत त्याचा 'ज' होतो. रमदान-रमजान, कादी-काजी, तसंच हैदा-हैजा. हिंदीने फारसी उच्चार घेतला. ओर्ताने अरबांचं म्हणून जे नाव दिलंय त्यातही 'ज'चा उच्चार दिसतो, म्हणजे बहुधा त्याने ते फारसी वळणाच्या हकिमांकडून ऐकलं. निजामशहाच्या दरबारात तसे हकीम होतेच.

खाडीवरचा

आता मला ज्यासाठी हा शब्द फार महत्त्वाचा वाटतो ते लिहितो.

१८१७ मध्ये बंगालमध्ये जेसोरला कॉलऱ्याची साथ उसळली आणि पुढच्या काही वर्षांत पश्चिम आशिया, आग्नेय आशियापर्यंत पसरली. तेव्हापासून कित्येक पुस्तकांत असं आलं की हा रोग भारतात त्याआधी साथीच्या रूपाने नव्हताच, १८१७ मध्ये जन्मला. हॉब्सन-जॉब्सनने ही समजूत निराधार ठरवली आहे, आणि ती पसरण्याचं कारण म्हणून मोर द श्याँ या नावाकडे बोट दाखवलं आहे. आधीच्या नोंदी सगळ्या त्या नावाखाली होत्या. १८१७ नंतरच्या डॉक्टरांनी 'कॉलरा' हे नाव शोधलं, ते जुन्या कागदांत सापडलं नाही, आणि त्यांनी मानलं की रोगच नव्हता.

याचा विचार करून मी अस्वस्थ होतो. गोव्यात मेलेल्या हजारो माणसांची नोंद होती, साल होतं, लक्षणं होती, शवविच्छेदनही होतं. फक्त नाव आपल्या भाषेतलं होतं, तेही तीन भाषांतून जाताना ओळखू न येण्याइतकं बदललेलं. एक शब्द नीट न लावल्यामुळे एका किनाऱ्याचं अडीचशे वर्षांचं दुःख वैद्यकाच्या इतिहासातून गळायची वेळ आली होती.

डॉ. दर्यावर्दी

एक भर. १८१७ मध्ये नवीन काही घडलंच नाही असंही नको. रोग जगभर पसरला हे नवीन होतं. फौजांची हालचाल आणि व्यापारी जहाजांची वर्दळ तेव्हा वाढली होती. किनाऱ्यावर रोग जुना, त्याचा जगप्रवास नवा, असं म्हटलं तर तुमचं आणि माझं दोघांचं समाधान होईल.

खाडीवरचा

हो, असंच म्हणूया.

अलिबागची नात

मग आपल्याकडे मोडशी एवढी सौम्य कशी झाली? जो शब्द ऐकून परदेशी घाबरत तो आता बाळगुटीच्या यादीत?

खाडीवरचा

माझं मत सांगतो. सौम्य झाली असं नाही, तिच्या अर्थाची भारी बाजू दुसऱ्या शब्दांनी घेतली. अजीर्णापासून ते थंड पडून मरण्यापर्यंत सगळं मिळून मोडशी होती असं ओर्ताच्या वर्णनावरूनही दिसतं, कारण तो सुरुवात जास्त खाण्यात शोधतो आणि शेवट मृत्यूत दाखवतो. एकोणिसाव्या शतकात साथी वारंवार येऊ लागल्या तेव्हा त्या टोकाला पटकी आणि महामारी हे शब्द घट्ट बसले. पुढे सरकारी दवाखान्यातून कॉलरा आला. मोडशीकडे सुरुवातीचं, घरात बरं होणारं टोक उरलं.

म्हापशेकार

पटतं. आणि जरीमरी विसरू नका. साथीच्या देवीचं ते नाव, मुंबईत तर त्या नावाची वस्तीच आहे. मरणाचं टोक देवीकडे गेलं आणि पोटदुखी आजीकडे राहिली.

अलिबागची नात

पेजेबद्दल एक सांगते, माझी बहीण लिस्बनला असते. तिथे आजारी माणसाला कोंबडीचं तांदूळ घातलेलं पातळ सूप देतात, त्याला 'कांजा' म्हणतात. ब्राझीलमध्येही हाच शब्द. ओर्ताच्या 'कांजे'शी याचा संबंध आहे का?

म्हापशेकार

आहे, तोच शब्द. मूळ दक्षिणेतलं, मल्याळम-तमिळमधलं 'कंजी'. पोर्तुगीज मलबारात आधी उतरले, तिथून शब्द घेतला, गोव्यात वापरला, मायदेशी आणि ब्राझीलला नेला. तिकडे त्यात कोंबडी पडली. मोर्देशिम हा शब्द आज पोर्तुगालमध्ये कोशाबाहेर कोणाला माहीत नसेल, पण त्या रोग्याच्या पथ्याचं नाव घराघरात आहे.

डॉ. दर्यावर्दी

आणि पथ्य बरोबर होतं. सुरंगीताईंच्या आजीने पेजेच्या निवळीत मीठ घातलं, त्यामागचं विज्ञान विसाव्या शतकात कळलं. जुलाबात आतडं पाणी सोडत असलं तरी ग्लुकोज आणि सोडियम एकत्र मिळाले की ते दोन्ही जोडीने शोषले जातात आणि पाणी त्यांच्यामागून आत येतं. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, सलाइनच्या बाटल्या संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं पाणी पाजलं, आणि मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं. तांदळाच्या पेजेत पिष्ट असतं, ते आतड्यात हळूहळू ग्लुकोज होतं. म्हणून तांदळाच्या पिठापासूनचे क्षारद्रवही पुढे तयार झाले.

तरीही आज घरात ओआरएसचं पाकीट ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या सूत्राप्रमाणे लिटरभर पाण्यात २०.५ ग्रॅम भुकटी, त्यात ग्लुकोज १३.५ आणि मीठ २.६. एक लिटरचं पाकीट ग्लासात अर्धं-अर्धं करू नका, पूर्ण लिटरमध्येच घाला. मूल मलूल झालं, लघवी थांबली, डोळे खोल गेले की मोडशी म्हणून घरी बसू नका. मी स्वतः रुग्णाने मोडशी म्हटलं की तो शब्द केसपेपरवर लिहितो आणि मग विचारतो, किती वेळा, रंग कसा, वांब आले का. कारण शब्दाचं सौम्य टोक धरून आई निर्धास्त राहते आणि रोग दुसऱ्या टोकाकडे निघालेला असतो.

सुरंगी

डॉक्टर, हे आमच्या अंगणवाडीच्या ताईंना वाचून दाखवते. आमच्याकडे आणखी एक शब्द आहे, ढाळवांती. मोडशीपेक्षा भारी. "ढाळवांती झाली" म्हटलं की लगेच गाडी बघतात.

खाडीवरचा

ढाळवांती छान दिलीत, आणि वजनाचा फरक सांगितलात ते तर आणखी चांगलं. असंच हवंय.

पोटाच्या, तापाच्या, अंगावर उठणाऱ्या कुठल्याही दुखण्याचा गावाकडचा शब्द द्या. सोबत गाव किंवा तालुका, शब्द कोणाच्या तोंडी आहे, बाळाला म्हणतात की मोठ्याला की गुरालाही, कोणत्या ऋतूत, आणि त्याहून हलका व त्याहून भारी शब्द कोणता. उच्चारात 'ड' आहे की 'र', शेवटी नाकात जातो का, तेही नीट लिहा, म्हापशेकारांनी त्याचं महत्त्व वर दाखवलंच आहे. डहाणूपासून कारवारपर्यंत कुठलंही गाव चालेल. दालदी, कोळी, आगरी, सामवेदी, चित्पावनी बोलणाऱ्यांनी जरूर लिहा, त्या बोलींतले शब्द कोशांत फार कमी आलेत. गुरांच्या आजारांसाठी वेगळा धागा उद्या काढतो.